सुंगटे (कोळंबी) आणि शेवटे (बोय मासे) दिवसभर जिवंत ठेवण्यासाठी घरी टाकी बनवायची आहे: पंप, पाणी आणि बॅटरी यांविषयी सल्ला हवा

मांडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यात मांडवी नदीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात गरीने मासेमारी करतो आणि बहुतेक वेळा चणक (जिताडा) किंवा तांबसो (तांब मासा) मिळावा याच अपेक्षेने बाहेर पडतो. या दोन्ही माशांना मेलेल्या आमिषापेक्षा हालचाल करणारे आमिष अधिक भुरळ घालते, हे येथे कोणाला सांगायला नको. ओहोटीच्या वेळी मानशीजवळ (खाडीकाठच्या बांधातील पाण्याच्या दाराजवळ) पागेर (फेकजाळे) टाकला की सुंगटे आणि बोटभर लांबीचे शेवटे पुरेसे मिळतात. खरी अडचण ती दुपारपर्यंत जगवण्याची आहे.

सध्या माझ्याकडे वीस लिटरची बादली आणि सेलवर चालणारा लहान एअर पंप आहे. थंडीच्या दिवसांत एवढ्यावर भागते. मार्च लागला की मात्र सकाळी दहाच्या सुमारास सुंगटांचे काचेसारखे अंग दुधाळ पांढरे दिसू लागते, ती कुशीवर पडतात आणि शेवटे पाण्याच्या वर तोंड काढून सारखी उघडझाप करू लागतात. बुडबुडे चालू असतानाही असे का व्हावे, हे मला कळत नाही.

होडीत ठेवण्यासाठी ५० लिटरचा जाड भिंतींचा आइस बॉक्स, १२ व्होल्टचा ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप (होडीत साचलेले पाणी उपसण्याचा पंप) आणि ७ अँपिअर-अवरची बॅटरी एवढे सामान घेऊन टाकी तयार करावी, असा विचार आहे. नुसती हवा सोडणे पुरेसे ठरेल की नदीचे पाणी सतत आत घेऊन बाहेर सोडावे लागेल? एवढ्या टाकीत किती आमिष ठेवावे? आणि पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे होते, तेव्हा हीच टाकी उपयोगी पडेल का? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

शापोराखाडी

बुडबुडे चालू असूनही आमिष मरते, याचे पहिले कारण तापलेले पाणी. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तोच ७.५ च्या आसपास येतो, आणि पाणी समुद्राइतके खारे असेल तर ३० अंशांना जेमतेम ६.२ मिलिग्रॅम. दुसऱ्या बाजूने, थंड रक्ताच्या जीवाचा प्राणवायूचा खप तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. म्हणजे एप्रिलच्या उन्हात बादलीतील सुंगटांची गरज वाढत असते आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याची धारणशक्ती घटत असते. एअर पंप पाण्यात जितका प्राणवायू मावेल तितकाच भरू शकतो. शिवाय बाहेरची हवा तापलेली असेल तर बुडबुडे पाणी थंड ठेवायलाही फारशी मदत करत नाहीत. सुंगटाच्या शेपटीकडचे मांस पांढरे पडणे हे ताणाचे लक्षण आहे. तापमान, प्राणवायूचा तुटवडा किंवा खारेपणातील अचानक बदल यांपैकी कशानेही ते होते, आणि एकदा पांढरे पडलेले सुंगट गरीला लावले तरी ते फारसे हालत नाही.

दुसरे कारण डोळ्यांना लवकर दिसत नाही. मासे आणि सुंगटे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान वाढले की त्या अमोनियातील विषारी रूपाचा वाटा वाढतो, आणि खाडीचे खारे पाणी मुळातच थोडे अल्कधर्मी असते. बादलीच्या कडेला न फुटणारा पिवळसर फेस जमला आणि पाण्याला उग्र वास येऊ लागला, तर हवा कितीही सोडली तरी उपयोग नाही. पाणीच बदलले पाहिजे. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: होडीवर असताना नदीचे पाणी आत-बाहेर फिरते ठेवावे, आणि हवेचा पंप जोडीला राहू द्यावा, कारण पाण्याचा पंप बंद पडला तर तोच आधार असतो.

आइस बॉक्सची निवड उत्तम आहे. दुहेरी भिंतीमुळे बाहेरचे ऊन आत पोचायला वेळ लागतो. मात्र भोक पाडताना काळजी घ्यावी, कारण दोन भिंतींच्या मध्ये फोम असतो आणि कडा नीट बंद केल्या नाहीत तर खारे पाणी त्यात मुरत जाते, बॉक्स जड होतो आणि पुढे कुजका वास मारतो. होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) भोक पाडून दोन्ही भिंतींतून आरपार जाईल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा आधी सिलिकॉनने बसवावा आणि मग त्यात टँक कनेक्टर घालावा. सिलिकॉन मत्स्यालयासाठी विकले जाते ते घ्यावे. स्नानगृहासाठीच्या काही प्रकारांत बुरशीनाशक मिसळलेले असते. सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत एक-दोन दिवस थांबावे, आणि टाकी पाण्याने भरून व रिकामी करून चांगली धुतल्याशिवाय तिच्यात आमिष सोडू नये.

पाणी आत येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर बाहेर जाणारा किमान एक इंचाचा, शक्यतो सव्वा इंचाचा असावा. आत येणारे पाणी पंप ढकलतो, बाहेर जाणारे पाणी केवळ आपल्या उताराने जाते. दोन्ही तोंडे सारखी ठेवली तर टाकी काठोकाठ भरून होडीत सांडते. बाहेरच्या तोंडावर जाळी हवीच, पण ती तोंडाएवढी लहान ठेवू नये. सुंगटांच्या मिशा, गळलेली कात आणि खारफुटीची एखादी कुजकी पानदेठ एवढ्यानेही लहान जाळी बुजते. मी सुचवीन की वीतभर लांबीच्या पाइपला सर्व बाजूंनी भोके पाडून तो बाहेरच्या तोंडाला आतून जोडावा, म्हणजे एक भाग बुजला तरी बाकीच्या भागातून पाणी जात राहते.

आत येणारे पाणी वरून भोके पाडलेल्या आडव्या पाइपमधून बारीक धारांनी पडू द्यावे, म्हणजे पडता पडता त्यात हवा मिसळते. शेवट्यांसाठी या धारा किंचित तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी एका दिशेने संथ फिरते आणि मासे त्याच्याविरुद्ध तोंड करून पोहत राहतात. चौकोनी बॉक्सच्या कोपऱ्यात शेवटे गर्दी करतात आणि नाके घासून घेतात, त्यामुळे चारही कोपऱ्यांत प्लॅस्टिकचा लवचीक पत्रा कमानीसारखा वाकवून बसवावा. सुंगटांना मात्र फिरते पाणी नको असते. त्यांना धरून बसायला काहीतरी लागते. जुन्या नायलॉन जाळ्याचे दोन-तीन तुकडे टाकीत उभे लोंबते सोडले की ती त्यावर पाय रोवून शांत बसतात आणि तळाशी एकमेकांवर ढीग होत नाहीत. त्यामुळे दोन्ही प्रकारचे आमिष एकाच टाकीत ठेवू नये. निदान मध्ये जाळीचा पडदा तरी घालावा.

तांब्या-पितळेचा व्हॉल्व्ह, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा नळी या टाकीत कुठेही वापरू नये. तांबे सुंगटांना फार कमी प्रमाणातही घातक ठरते आणि खारे पाणी ते धातूतून सहज ओढून घेते. सर्व जोड प्लॅस्टिकचे ठेवावेत.

आमिष किती ठेवावे याविषयी माझे मत थोडे कडक आहे. पन्नास लिटरच्या बॉक्समध्ये प्रत्यक्षात चाळीस लिटर पाणी राहील असे धरा. बोटभर शेवटे असतील तर दोन लिटरला एक, वीतभर असतील तर चार-पाच लिटरला एक, याहून अधिक ठेवू नयेत. पागेरात भरपूर आले म्हणून सगळेच टाकीत ओतले, तर दुपारी त्यांतले एकही धड राहत नाही. खवले निघालेले, कल्ल्यांतून रक्त आलेले मासे आधीच वेगळे काढावेत, कारण एक मेलेला मासा तासाभरात सगळ्या टाकीचे पाणी नासवतो.

खाजनबांध

वरील उत्तर फार चांगले आहे. मी फक्त आपल्या नद्यांच्या पाण्याविषयी भर घालतो, कारण गोव्यात ही टाकी वापरताना खरा धोका तिथे आहे.

मांडवी आणि जुवारीत उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी बरेच आतपर्यंत चढते, आणि जून ते सप्टेंबरमध्ये घाटातून येणारे पुराचे पाणी त्याला परत मुखाकडे रेटते. पावसाळ्यात तर एकाच ठिकाणी वर गोडे आणि खाली खारे असे थर होतात, कारण गोडे पाणी हलके असते. आपला पंप होडीच्या काठावरून हातभर खोलीतले पाणी ओढत असेल, तर तो नेमके वरचे गोडे पाणी घेतो. मानशीच्या आतल्या खाऱ्या पाण्यात पकडलेल्या सुंगटांवर ते एकदम पडले की ती तासाभरात पांढरी पडतात, आणि धरणाऱ्याला वाटते की पंप बिघडला. शेवटा खारेपणातील बदल पुष्कळ सोसतो. सुंगटेही सोसतात, पण सावकाश झालेला बदलच. अर्धा-पाऊण तास घेऊन थोडे थोडे नवे पाणी मिसळले तर चालते, पंप पूर्ण उघडून दोन मिनिटांत सगळे पाणी बदलले तर चालत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. आमिष जेथे पकडले तेथलेच पाणी टाकीत भरायचे. त्याच परिसरात गरी टाकायची असेल तर पंप चालू. कालव्यातून मांडवीच्या मुखाकडे, किंवा उलट दिशेने, दूर जायचे असेल तर पंप बंद ठेवून केवळ हवेवर जायचे, आणि पोचल्यावर नवे पाणी हळूहळू घ्यायचे. मत्स्यालयाच्या दुकानात घनता मोजण्याची साधी काचेची नळी मिळते. समुद्राच्या पाण्यात ती १.०२५ च्या आसपास दाखवते आणि गोड्या पाण्यात १.०००. पकडलेल्या जागेचे आणि थांबण्याच्या जागेचे असे दोन आकडे पाहिले की निर्णय घेता येतो. आमच्या बांधावरची जुनी माणसे हेच काम बोट जिभेला लावून करतात आणि ते पुरेसे अचूक असते.

खनिजाच्या बार्जी जवळून गेल्या की तळाचा गाळ वर येतो, आणि धक्क्यांच्या जवळ पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग दिसतो. अशा ठिकाणी पाच-दहा मिनिटे पंप बंद ठेवावा. गाळ कल्ल्यांत बसतो आणि तेलाचा तवंग एकदा टाकीच्या भिंतीला चिकटला की साध्या पाण्याने निघत नाही.

जुवारीतीर

विजेच्या बाजूने पाहता ७ अँपिअर-अवरची बॅटरी या पंपाला दिवसभर पुरणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. ताशी ५०० गॅलनचा पंप साधारण दोन अँपिअर ओढतो. सातला दोनने भागून साडेतीन तास असा हिशेब मनात येतो, परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीवर लिहिलेली क्षमता वीस तासांत सावकाश वापरली तरची असते. भार मोठा असेल तर ती त्याहून कमी मिळते. शिवाय अशी बॅटरी दर वेळी पूर्ण रिकामी केली तर थोड्याच काळात निकामी होते. अर्धी वापरून थांबायचे ठरवले तर सलग दीड तासाच्या आसपास पंप चालेल.

पण तो सलग चालवण्याची गरजही नाही. पाचशे गॅलन म्हणजे सुमारे १९०० लिटर. पाणी वर चढवणे आणि बारीक भोकांच्या पाइपमधून ढकलणे यांत बरेच कमी झाले आणि ताशी हजार लिटर मिळाले असे धरले, तरी चाळीस लिटरच्या टाकीतले पाणी तासाला पंचवीस वेळा बदलेल. एवढ्या झोतात शेवटे थकून जातात. तासाला पाच-सहा वेळा पाणी बदलले तरी पुष्कळ होते. त्यासाठी १२ व्होल्टचा टायमर रिले मिळतो. तो दोन मिनिटे चालू आणि आठ मिनिटे बंद असा लावला की पंप तासातून बाराच मिनिटे चालतो, आणि अर्ध्या बॅटरीत सकाळपासून दुपारपर्यंतचे काम होते. झोत फारच जोरात वाटला तर पंपाच्या पुढच्या पाइपवर प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह बसवून तो थोडा आवळावा. पाणी ओढणाऱ्या बाजूला मात्र अडथळा ठेवू नये.

मधल्या आठ मिनिटांत हवेचा पंप चालू राहावा. यूएसबीवर चालणारा एक वॅटचा एअर पंप १०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेवर दिवसभर सहज चालतो, आणि तो वेगळ्या स्रोतावर असल्यामुळे मोठी बॅटरी बसली तरी आमिष वाचते.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. खाऱ्या दमट हवेत तारांचे जोड हिरवे पडून तापतात, म्हणून नुसते पीळ देऊन टेप गुंडाळण्यापेक्षा डाग (सोल्डर) देऊन वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. इंजिन सुरू करण्याची बॅटरी या कामाला मुळीच जोडू नये. ओहोटीत कालव्याच्या मध्यावर इंजिन सुरू झाले नाही तर आमिषाचा प्रश्न फार मागे पडतो.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. टायमरची कल्पना मला सुचलीच नव्हती. आणखी दोन शंका आहेत. पाणी थंड ठेवण्यासाठी बर्फ टाकावा का? आणि ज्या दिवशी होडी न्यायची नसते, त्या दिवशी घरून फेरी धक्क्यापर्यंत स्कूटरवर सुंगटे कशी न्यावीत? चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन, ते स्कूटरवर शक्य नाही.

शापोराखाडी

बर्फ सुटा टाकू नये. तो गोड्या पाण्याचा असतो, त्यामुळे खारेपणा उतरतो, आणि नळाच्या पाण्याचा असेल तर त्यात क्लोरीनही येऊ शकते. एक लिटरची बाटली पाण्याने थोडी कमी भरून, झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये गोठवावी आणि तशीच टाकीत तरंगती ठेवावी. चाळीस लिटर पाण्यात अशी एक बाटली पूर्ण वितळली तर पाणी दोन-अडीच अंशांनी उतरते. आपल्याला तेवढेच हवे आहे. पाणी नदीपेक्षा फार थंड केले तर गरीला लावून खाली सोडलेले सुंगट तिथल्या उबदार पाण्यात एकदम पडून ढिले होते. बाटलीपेक्षाही मोठा फायदा सावलीचा आहे: झाकणावर ओले गोणपाट टाकून ते अधूनमधून भिजवत राहिले तर वाऱ्याने पाणी उडून बॉक्स चांगला थंड राहतो.

होडीत टाकी मध्यभागी आणि शक्य तितकी खाली ठेवावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावते आणि कलणे वाढवते. म्हणून बाहेरचे तोंड काठापासून दोन-तीन इंचांवर ठेवून टाकी जवळजवळ भरलेली राहील असे करावे आणि झाकण घट्ट बसेल हे पाहावे. शेवटे उड्याही मारतात.

खाजनबांध

स्कूटरवर सुंगटे नेण्यासाठी पाण्याची गरजच नाही. कल्ले ओले आणि अंग थंड राहिले तर सुंगटे पाण्याबाहेरही काही काळ जगतात; जपानमध्ये जिवंत कोळंबी थंड केलेल्या लाकडाच्या भुशात भरून बाजारात पाठवतात, ते याच तत्त्वावर. थर्मोकोलच्या लहान पेटीत तळाला गोठवलेली बाटली, तिच्यावर कोरड्या कापडाची घडी, त्यावर खाडीच्या पाण्यात भिजवून पिळलेले गोणपाट आणि त्यावर सुंगटांचा एकच थर, असे रचावे. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. तासाभराचा प्रवास सहज होतो. शेवट्यांना हे जमत नाही. त्यांना जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून, तोंड रबराने बांधून न्यावे लागते, जसे मत्स्यबीज नेतात.

धक्क्यावर पोचल्यावर टाकी नको, पंप नको. झाकण असलेल्या बादलीला सर्व बाजूंनी पेन्सिलीएवढी भोके पाडावीत आणि ती दोरीने बांधून नदीतच सोडावी. वाहते पाणीच टाकीचे आणि पंपाचे काम करते. फक्त भरती-ओहोटीबरोबर दोरीची लांबी बदलत राहावी, नाहीतर ओहोटीला बादली चिखलात टेकते.

उरलेल्या आमिषाविषयी एक गोष्ट अत्यंत आवश्यक आहे. जे जेथून आणले तेथेच सोडावे. बाजारातून किंवा तलावातून आणलेली व्हेनामी कोळंबी उरली म्हणून मानशीत किंवा खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत) टाकू नये. ही जात मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची आहे, भारतात तिच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू अशा कोळंबीतून खाजनातल्या आपल्या सुंगटांपर्यंत पोचू शकतो. शिजवून खावी किंवा जमिनीत पुरावी. तिलापिया या परदेशी माशाचेही तसेच, तो जिवंत आमिष म्हणून खाजनाच्या जवळ नेऊच नये.

जुवारीतीर

घरी परतल्यावर टाकी साबणाने धुऊ नये. जाळीच्या भोकांत आणि पाइपच्या वळणात राहिलेला साबण पुढच्या खेपेला कल्ल्यांना बाधतो. पंप बादलीभर गोड्या पाण्यात दोन मिनिटे चालवून आतले मीठ काढावे, जाळीचे तुकडे उन्हात वाळवावेत आणि टाकीचे झाकण उघडे ठेवावे. फ्यूजच्या जोडावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला तर एक हंगाम निर्धास्त जातो.